नाव झाकायचं, घटना नाही

(सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण)



मागच्या महिन्यात एका गावात गटाच्या बैठकीला गेले होते. बचत गोळा झाली, ठराव वहीवर सह्या-अंगठे झाले, बाया उठल्या. एक बाई मात्र चप्पल घालता घालता थांबल्या. तालुक्याच्या गावी मुलींच्या वसतिगृहात त्या स्वयंपाकाला जातात. म्हणाल्या, "ताई, एक विचारू का? आमच्याकडं एका पोरीच्या हातावर उकळती आमटी सांडली. चांगलंच भाजलं. मॅडम म्हणाल्या, वहीत लिहू नका, पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. तिच्या आईलासुद्धा कळवलं नाही. मी काय करायला पाहिजे होतं? बोलले तर काम जाईल. वर लोक म्हणतील, संस्थेचं मीठ खाते आणि संस्थेचीच बदनामी करते."

त्यांना मी तेव्हा सुचलं ते सांगितलं: आधी पोरीला दवाखान्यात न्या, तिच्या आईला फोन लावा. पण त्यांचा 'बदनामी' हा शब्द डोक्यातून जाईना. वसतिगृह, बालगृह, आश्रमशाळा, वृद्धाश्रम, महिलांचं आधारगृह अशा ठिकाणी आपली माणसं दुसऱ्याच्या भरवशावर राहतात. तिथं काही वाईट घडलं तर ते वर कळवणं ही बदनामी आहे की कर्तव्य? आपल्या देशाला याचं उत्तर शोधायला बरीच वर्षं लागली. आज तीच गोष्ट सांगते.

सुरुवात पुण्यातून करू. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. त्या काळात विधवेला दिवस गेले तर तिच्यापुढं दोनच वाटा असायच्या: जीव द्यायचा, नाहीतर बाळाचा जीव घ्यायचा. फुल्यांनी जाहीर केलं की इथं या, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हा, तुमचं नाव कुणाला कळणार नाही. निराधार बाईला आसरा देणारं घर आपल्याकडं असं सुरू झालं, आणि त्याच्या पायातच गुप्तता होती. ती गुप्तता त्या बाईसाठी होती. घर कुठं आहे, तिथं काय चालतं, हे फुल्यांनी उघडपणे सांगितलं होतं. झाकलं ते फक्त बाईचं नाव.

हे लक्षात ठेवा, कारण पुढं अनेक ठिकाणी याच्या नेमकं उलटं झालं. घरात काय चालतं ते झाकलं गेलं, आणि बाईची किंवा पोरीची लाज चव्हाट्यावर आली.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं ठरवलं की अशा संस्थांवर नजर पाहिजे. १९५६ साली महिला आणि बालकांच्या संस्थांना परवाना लागेल असा कायदा झाला. १९६० साली अनाथालयं आणि धर्मादाय गृहांच्या देखरेखीचा कायदा आला. या कायद्यांचा सगळा भार परवान्यावर आणि तपासणीवर होता. संस्था नोंदलेली असावी, वह्या असाव्यात, अधिकाऱ्यानं येऊन पाहावं. चांगलीच गोष्ट आहे. पण तपासणी म्हणजे काय, ते आपल्याला माहीत आहे. साहेब येणार हे आधी कळतं. अंगण झाडलं जातं, चादरी बदलतात, त्या दिवशी जेवणात गोड असतं. साहेब वह्या पाहतात, शेरा लिहितात आणि जातात. वहीत जे लिहिलंच नाही ते त्यांना दिसणार कसं?

आतलं दुःख बाहेर आलं ते वहीतून नाही, पत्रांमधून. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि पोलीस सुटले. तेव्हा १९७९ साली कायदा शिकवणाऱ्या चौघांनी थेट सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांची नावं उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. त्या पत्रानंतर देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. त्या बदलातली एक ओळ आपल्या आजच्या विषयाची आहे. पोलीस कोठडीसोबतच तुरुंग, रिमांड होम आणि महिला किंवा बालकांच्या संस्था चालवणाऱ्यांनी, तिथं नोकरी करणाऱ्यांनी आपल्या ताब्यातल्या बाईवर अत्याचार केला, तर तो जास्त गंभीर गुन्हा ठरला. राखणारानंच ओरबाडलं तर शिक्षा मोठी, हे कायद्यानं मान्य केलं.

यातल्या बक्षी आणि सरकार या दोघांनी १९८१ साली आणखी एक पत्र लिहिलं. आग्र्याच्या सरकारी संरक्षणगृहात बायकांना किती वाईट अवस्थेत ठेवलंय, हे त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं. तिथल्या बायकांची वैद्यकीय तपासणी करायला लावली. आग्र्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी वेळोवेळी त्या घरात जाऊन अहवाल पाठवावा असं सांगितलं. त्याच सुमाराला मुंबईच्या पत्रकार शीला बारसे तुरुंगातल्या पंधरा बायकांशी बोलल्या. त्यांतल्या पाच जणींनी सांगितलं की पोलीस कोठडीत आम्हाला मारहाण झाली. बारसेंनीही सर्वोच्च न्यायालयाला पत्रच लिहिलं. न्यायालयानं निर्मला निकेतन या मुंबईतल्या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात पाठवून बायकांशी बोलायला सांगितलं. १९८३ साली निकाल आला: बायकांसाठी वेगळी कोठडी, आणि तिथं पहारा बायकांचाच.

ही पत्रं लिहिणारी सगळी माणसं बाहेरची होती: प्राध्यापक, पत्रकार. आत रोज राहणारे, रोज कामाला येणारे गप्प होते. त्यांनी सांगायला पाहिजे असं कुठल्या कायद्यात ठळकपणे लिहिलेलंही नव्हतं.

गप्प राहण्याची किंमत ६ ऑगस्ट २००१ ला कळली. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या दर्ग्यावर मनाचे आजार बरे होतात अशी श्रद्धा, म्हणून लांबलांबून लोक आजारी माणसं घेऊन यायचे. आजूबाजूला खासगी घरं उभी राहिली, नातेवाइकांकडून पैसे घेऊन माणसं ठेवणारी. माणसं पळू नयेत म्हणून त्यांना साखळीनं बांधायचे. त्या दिवशी पहाटे एका घराला आग लागली. साखळ्या सोडायला कुणी नव्हतं. २८ माणसं बांधल्या जागी जळून मेली.

मनोरुग्णांच्या घरांना परवाना लागतो असा कायदा तेव्हा होता, १९८७ चा. ती घरं लपूनछपून चालत नव्हती. भाविक पाहत होते, दुकानदार पाहत होते, नातेवाईक येऊन जात होते. साखळ्या सगळ्यांना दिसत होत्या. पण हे कुणाला तरी कळवायचं असतं आणि कळवणं आपलंही काम आहे, असं कुणालाच वाटलं नाही. पुढं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं माणसाला साखळी लावण्यावर सरळ बंदी घातली.

या सगळ्या काळात एक चांगली गोष्टही घडली, आणि ती मुंबईत. १९९६ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून १०९८ हा मुलांसाठीचा फोन नंबर सुरू झाला. फोनला पैसे पडत नाहीत. रस्त्यावरच्या पोरालाही स्वतः फोन करता यावा हा त्यामागचा विचार. तोवर मुलांबद्दल मोठी माणसं मोठ्यांना सांगायची. आता मूल स्वतः सांगू शकत होतं. आज हा नंबर देशभर चालतो.

मग आला २०१२ चा पोक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांना संरक्षण देणारा कायदा. १४ नोव्हेंबर २०१२ पासून तो लागू झाला. आपल्या विषयाच्या इतिहासात सगळ्यात मोठं वळण हेच. या कायद्याचं कलम १९ सांगतं की अठरा वर्षांखालच्या मुलामुलीवर असा गुन्हा झाल्याचं ज्याला माहीत आहे, किंवा होईल अशी भीती वाटते, त्या कुणाही माणसानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. 'कुणाही' हा शब्द महत्त्वाचा. फक्त अधिकारी नाही, फक्त आईबाप नाही. स्वयंपाकीण, कामाठी, शिपाई, नर्स, शेजारीण, सगळे त्यात आले. कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. मुलांना मात्र ही शिक्षा नाही. आणि ज्यानं चांगल्या हेतूनं कळवलं त्याच्यावर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, हेही त्याच कलमात लिहिलंय.

म्हणजे बघा, १९५६ चा कायदा म्हणत होता, साहेब येऊन बघतील. २०१२ चा कायदा म्हणतो, जो तिथं आहे त्यानं सांगायचं. २०१३ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे आणखी स्पष्ट केलं. अकरा वर्षांच्या, बौद्धिक अपंगत्व असलेल्या एका मुलीवर अत्याचार करून तिला मारल्याचा तो खटला. न्यायालय म्हणालं की शाळा, वसतिगृहं, बालगृहं, दवाखाने, जिथं जिथं मुलं असतात तिथल्या जबाबदार माणसांनी अशी गोष्ट पोलिसांना कळवायची, आणि कळवताना मुलाची ओळख जपायची. न कळवणारा गुन्हेगाराला पाठीशी घालतो.

२०१५ चा बाल न्याय कायदाही आला. त्यात बालगृहाची नोंदणी सक्तीची झाली. दर तीन महिन्यांनी तीन माणसांची समिती भेट देणार, त्यात एक बाई आणि एक डॉक्टर हवेच. हरवलेलं किंवा टाकलेलं मूल सापडलं तर चोवीस तासांत कळवायचं, हेही त्यात आहे. पण हिशेब करा. तीन महिने म्हणजे नव्वद दिवस. त्यातल्या एका दिवशी समिती येणार. उरलेले एकोणनव्वद दिवस तिथं कोण असतं? स्वयंपाकीण असते.

आता तुम्ही म्हणाल, कायदा झाला, मग प्रश्न मिटला. तसं नाही. बिहारमध्ये मुजफ्फरपूर शहरात मुलींचं एक बालगृह होतं. सरकारी पैशावर एक संस्था ते चालवायची. नोंदणी होती, वह्या होत्या, तपासण्या होत होत्या. २०१७ साली बिहार सरकारनं राज्यातल्या अशा संस्थांचं सामाजिक अंकेक्षण करायचं काम टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' या गटाला दिलं. रोजगार हमीच्या कामांवर जसं होतं तसंच हे, फक्त माणसांच्या राहण्याचं. मुंबईच्या संस्थेचे हे लोक ११० संस्थांमध्ये फिरले. वह्या पाहून थांबले नाहीत, तिथं राहणाऱ्यांशी बोलले. एप्रिल २०१८ मध्ये अहवाल दिला आणि त्यात अनेक संस्थांबद्दल गंभीर गोष्टी लिहिल्या. मुजफ्फरपूरच्या मुलींची वैद्यकीय तपासणी झाली तेव्हा तीसहून जास्त मुलींवर अत्याचार झाल्याचं पुढं आलं.

सर्वोच्च न्यायालयानं खटला दिल्लीला हलवला. जानेवारी २०२० मध्ये १९ जण दोषी ठरले. त्यात संस्थेचा चालक होता. तिथं कामाला असलेल्या बायकाही होत्या. आणि बालकल्याण समितीचे, बालसंरक्षण विभागाचे लोकही होते. ज्यांनी येऊन बघायचं तेच त्यात. बालसंरक्षण विभागातल्या एका महिला अधिकाऱ्याला तर न कळवण्याच्या कलमाखाली दोषी धरलं, सहा महिन्यांची शिक्षा दिली.

मुलींना बोलायचं नव्हतं असं नाही. शांतपणे बसून विचारणारं कुणीतरी यायला उशीर झाला.

हे लांबच्या बिहारचं झालं. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातलं राजुराही आठवा. २०१९ साली तिथल्या एका शाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या लहान आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं उघडकीला आलं. वसतिगृहातल्या मुलींवर उपचारासाठी एक डॉक्टर नेमलेले होते. मुलींना त्रास व्हायचा तेव्हा त्यांच्याकडं नेलं जायचं. माहीत असून त्यांनी पोलिसांना कळवलं नाही, असा आरोप त्यांच्यावर आला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. २ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. त्यांना दोषी ठरवलं नाही, ते ठरवायचं काम खटल्याचं. पण खटला सुरुवातीलाच संपवता येणार नाही, असं सांगितलं. त्याचं कारणही दिलं: गुन्हा वेळेवर कळवला नाही तर तपासच लंगडा पडतो आणि कायद्याचा हेतू फुकट जातो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींचं प्रकरण झालं तेव्हाही हाच प्रश्न आला. शाळेनं कळवलं का नाही? तिथं शाळा चालवणाऱ्यांवर न कळवल्याचा गुन्हा नोंदवला गेला.

सक्तीच्या या नियमाला दुसरी बाजूही आहे. पोलिसांत जाणारच म्हटल्यावर काही मुली दवाखान्यातच जायला घाबरतात. सतरा वर्षांची पोर, दिवस गेलेत, डॉक्टर कळवणार, नाव गावभर होणार. मग ती भोंदूकडं जाते, जीव धोक्यात घालते. ही भीती खरी आहे. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तिचा विचार केला. आपल्या मर्जीच्या संबंधातून दिवस गेलेली अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली, आणि तिनं व तिच्या पालकानं विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख सांगायची गरज नाही. घटना कळवायची, नाव झाकायचं.

मैत्रिणींनो, इथं येऊन गोष्ट पुन्हा १८६३ च्या त्या घराशी पोचते. फुल्यांनी जे केलं तेच दीडशे वर्षांनी न्यायालय सांगतंय. गुप्तता पाहिजेच, पण ती त्या बाईसाठी, त्या पोरीसाठी. संस्थेच्या पाटीसाठी नाही. पीडित मुलाचं नाव, गाव, शाळा छापणं, दाखवणं आज कायद्यानं गुन्हा आहे. आणि घडलेलं दडपणं हाही गुन्हा आहे. आपल्या गावात मात्र बऱ्याचदा दोन्ही उलट होतं. पारावर पोरीचं नाव सगळ्यांना माहीत असतं आणि पोलीस ठाण्यात कागदच नसतो.

म्हणून आता त्या स्वयंपाकीण बाईंच्या प्रश्नाकडं येते. आमटी सांडणं हा अपघात. तो कुणाच्याही घरी होतो. अपघात वहीत लिहिला, आईला कळवलं, दवाखान्यात नेलं, तर तिथं संस्थेची लाज जात नाही. उलट पुढच्या वेळी पातेलं कोण उचलतं, पोरींना उचलायला लावतात का, हे विचारता येतं. पण भाजलेलं लपवायची सवय लागली की उद्या मारलेलं लपतं, परवा त्याहून वाईट लपतं. ही सवय पहिल्या वेळीच मोडायची. प्रमुख ऐकत नसतील तर वर सांगायचं: आश्रमशाळा असेल तर प्रकल्प कार्यालयाला, बालगृह असेल तर बालकल्याण समितीला किंवा जिल्हा बालसंरक्षण कक्षाला.

आणि लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय आला तरी वाट पाहायची नाही. १०९८ ला फोन करा किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जा. सांगितलेलं लिहून घेणं, त्याला नोंद क्रमांक देणं आणि लिहिलेलं तुम्हाला वाचून दाखवणं हे कायद्यानं पोलिसांचं काम आहे. तो क्रमांक मागून घ्या आणि आपल्या वहीत तारखेसह लिहून ठेवा. पोरीला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. तिनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लक्षात ठेवा. आणि तिचं नाव गटाच्या बैठकीतसुद्धा काढू नका. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी १४५६७ हा नंबर आहे.

एकटीला भीती वाटते हे मलाही कळतं. काम गेलं तर चूल कशी पेटणार? म्हणूनच हे गटात बोलायचं. कर्ज कुणाला द्यायचं ते आपण दहा जणी मिळून ठरवतो, तसंच एकीला ठाण्यात जायचं असेल तर दोघी-तिघींनी सोबत जायचं. गावात बाल संरक्षण समिती आहे का, तिची बैठक कधी होते, हे ग्रामपंचायतीत विचारायचं. ज्यांच्या लेकी वसतिगृहात आहेत त्यांनी भेटायला जाताना ऑफिसात बसून चहा पिऊन परत यायचं नाही. पोरींच्या खोलीत जायचं, स्वयंपाकघरात जायचं, मुलींसाठी सूचनापेटी आहे का आणि ती उघडतं कोण, ते विचारायचं. स्वयंपाकीण बाईंशी दोन शब्द बोलायचे. त्यांना फार माहीत असतं आणि फार कुणी विचारत नाही.

त्या बाईंचा परवा फोन आला होता. पोरीच्या हाताला आता खपली धरलीय. तिची आई येऊन भेटून गेली. आणि बाईंनी वसतिगृहाच्या वहीत, उशिरा का होईना, घडलेलं लिहायला लावलं. कसं जमवलं विचारलं, तर म्हणाल्या, "मॅडमला सांगितलं, तपासणीवाल्यांनी पोरीचा हात बघितला आणि वहीत काही नसलं, तर तुम्ही काय उत्तर देणार? मग त्यांनीच पेन काढला."

पुढच्या आठवड्यात याच वेळेला भेटू. नमस्कार.